हत्याराचे इमान

खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार रंधा-पटाशी पुसून पाटावर मांडतो. शेतकरी विळा-कोयता धुऊन त्याला हळदकुंकू वाहतो. शाळकरी पोरे पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात. आणि पुढे दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार कोऱ्या वहीवर स्वस्तिक रेखून तिच्यापुढे हात जोडतो. हा सगळा सोहळा मला फार आवडतो. रोज हाताला लागणाऱ्या वस्तूतच देव त्या दिवसापुरता येऊन बसतो, त्याला शोधायला डोंगर चढावा लागत नाही. अलीकडे या मांडणीत एक नवा मानकरी दाखल झाला आहे. घरोघरी संगणकाच्या पडद्यालाही कुंकवाचे बोट लागते आणि त्याच्या कळफलकावर झेंडूचे फूल ठेवले जाते.

ते फूल पाहिले, की माझ्या मनात एक प्रश्न उभा राहतो. हत्याराची पूजा आपण करतो ती नेमक्या कोणत्या गुणासाठी? धारेसाठी म्हणावे, तर नवी पटाशी अधिक धारदार. पण पाटावर मधोमध बसते ती बापाच्या हातची, झिजून अर्धी झालेली. किमतीसाठी म्हणावे, तर विळ्याची किंमत ती काय! आणि हुशारीचा तर प्रश्नच नाही. हुशार विळा कुणी पाहिला आहे? मला वाटते, ही पूजा इमानाची असते. वर्षभर हे हत्यार हाताबरोबर राहिले, हाताने सांगितले तेवढेच त्याने केले, मधेच स्वतःचे काही काढले नाही, याबद्दलची ती कृतज्ञता असते.

आमच्या वडगावातले एक म्हातारे सुतार म्हणत असत, “चांगला रंधा हातात हाय का न्हाय, ते ध्यानातसुदिक येत न्हाय. ध्यानात आला, की समजायचं, त्याचं कायतरी बिनसलंय.” मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, त्यामुळे तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ माझ्या वाटेला फारसे आले नाहीत. पुष्कळ दिवसांनी कळले, की हायडेगर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १९२७ साली हातोड्याचा दाखला देऊन जवळजवळ हेच लिहून ठेवले आहे. काम नीट चालले असताना हातोडा दिसत नाही. तो मोडला, की तेवढा डोळ्यांपुढे येतो. आमच्या सुताराने हे वाचले नव्हते. त्याला त्याची गरजही नव्हती.

आता माझ्या हत्याराकडे येतो. मी एका लहानशा शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. गेली वीसहून अधिक वर्षे माझे लेखन संगणकावर होते. माझ्या आजोबांच्या पिढीने बोरू आणि टाक वापरला, वडिलांच्या पिढीने शाईचे पेन. त्या हत्यारांनी त्यांना त्रास दिला नाही असे मुळीच नाही. टाकाचे टोक फाके, दौत लवंडे, पेन खिशात गळून सदऱ्याला कायमचे निळे पदक बहाल करी. परंतु त्या त्रासाला एक सरळपणा होता. टोक फाकले आहे हे डोळ्यांना दिसे. ते का फाकले हे समजे. आणि ते बदलले की काम पुढे चाले. संगणकाचा त्रास निराळ्या जातीचा आहे. तो कशामुळे झाला हे दिसत नाही, कुणी दिला हे कळत नाही, आणि उद्या पुन्हा होणार नाही याची हमी कुणी देत नाही.

संगणकाच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो. त्याला इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, मराठीत कुणी चालनप्रणाली म्हणतात. मी त्याला कारभारीच म्हणतो. तुमची कळ दाबली गेली, की तिची वर्दी आधी त्याच्याकडे जाते. कागद कुठे ठेवायचा, कोणत्या कामाला आधी पुढे घ्यायचे, पडद्यावर काय दाखवायचे, सगळे त्याच्या हातात. कारभारी असावाच लागतो. एवढे गुंतागुंतीचे घर त्याच्याशिवाय चालायचे नाही. पण कारभाऱ्याचा धनी केव्हा होतो हे सांगता येत नाही, ही गोष्ट मराठी माणसाला तरी समजावून सांगायला नको. साताऱ्याच्या गादीचे प्रधान पुण्यात बसून काय झाले, हे आपण चौथीच्या पुस्तकापासून वाचत आलो आहोत.

मी एका प्रकरणाच्या ऐन मध्यावर असतो. कादंबरीतली म्हातारी मरायला टेकलेली असते आणि तिच्या ओठांवर एक वाक्य येऊ घातलेले असते. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातून एक चौकोन वर येतो आणि मला विचारतो, की नवी सुविधा वापरून पाहणार का? नंतर पाहू, असे मी सांगतो. ‘नाही’ असे सांगायची सोय तेथे बहुधा नसते. ‘आता’ आणि ‘थोड्या वेळाने’ एवढीच दोन उत्तरे. दाराशी आलेल्या विक्रेत्याला आपण नको म्हणू शकतो, पण आपल्याच घरातल्या कारभाऱ्याला नको म्हणता येत नाही, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. म्हातारीचे वाक्य तेवढ्यात निघून जाते. कधी रात्री काम उघडे ठेवून निजावे, तर पहाटेपर्यंत कारभाऱ्याने आपल्या मनाने घराची डागडुजी उरकलेली असते. उघडे कागद मिटलेले, आणि कालपर्यंत डाव्या हाताला असलेली कळ आज दिसेनाशी झालेली. डागडुजी आवश्यक असेलही. चोर नव्या वाटा शोधतात, तेव्हा कुलपेही बदलावी लागतात, हे मला समजते. पण कुलूप बदलायला आलेल्या माणसाने स्वयंपाकघरातले डबे का हलवावेत?

शिवाय हे घर मुळात माझ्यासाठी बांधलेलेच नाही. संगणकाच्या पडद्याला ‘डेस्कटॉप’ म्हणतात. त्याच्यावर कागदांच्या घड्या ठेवायचे ‘फोल्डर’ असतात. बाजूला कचऱ्याची टोपली असते. ही कल्पना अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत १९७० च्या दशकात रुजली आणि १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशने ती घरोघर नेली. ते चित्र अमेरिकेतल्या एका कारकुनाच्या मेजाचे आहे. आमच्याकडे दप्तर कापडी रुमालात बांधीत, जमिनीचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत ठेवीत, आणि लिहिणारा मनुष्य गुडघ्यावर पाट घेऊन भिंतीला टेकून बसे. काम जपून ठेवण्याच्या खुणेसाठी अजून फ्लॉपी नावाच्या चकतीचे चित्र वापरतात. माझ्या वर्गातल्या मुलांनी ती वस्तू जन्मात पाहिलेली नाही, एकीने मला विचारले, “सर, हे कपाट आहे का?” मी म्हटले, “होय, कपाटच समज.” दुसऱ्याच्या घरात राहायची आपल्याला सवय आहे. भाडेकरूही त्या घरात सुखाने नांदतो. मात्र भिंतीला खिळा ठोकताना त्याचा हात अडखळतो.

मराठी लिहिणाऱ्याचा हात तर पावलोपावली अडखळतो. येथे मला एक जुना प्रश्न आठवतो: हत्याराने भाषेपुढे वाकावे, की भाषेने हत्यारापुढे? इतिहास पाहिला, तर वाकली आहे ती बहुतेक वेळा भाषाच. हात न उचलता झरझर लिहिता यावे म्हणून मोडी वापरात रुजली. टाक-बोरूच्या काळातली ती सोय. मग छापखाने आले. खिळ्यांना बालबोध मानवली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांत शिकवली जाणारी मोडी हळूहळू दप्तरखान्यांत जाऊन पडली. आज घराण्याचे कागद वाचायला पैसे देऊन मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. देवनागरीलाही खिळे फार लागतात म्हणून टिळकांनी केसरीच्या छापखान्यासाठी त्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती वर्षानुवर्षे छापली. मग टंकलेखनयंत्र आले. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे यंत्र काढले तेव्हा देशाला अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. पण देवनागरीची सारी जोडाक्षरे त्या चाळीस-पन्नास कळांत बसेनात. अक्षरे मोडून, अर्धी करून, एकमेकांना चिकटवून काम भागवावे लागले. धातूच्या हत्याराला वाकता येत नव्हते, म्हणून अक्षरे वाकली. यात कुणाचा दोष नव्हता.

संगणकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्यात धातूचा खिळा नाही. तो हवा तसा वाकू शकतो. लिपीपुढे वाकण्याची ताकद असलेले हे पहिलेच हत्यार मराठीला लाभले आहे. आणि म्हणूनच ते वाकत नाही तेव्हा अधिक राग येतो. जे अशक्य आहे त्याबद्दल कुणी कुणाला दोष देत नाही. शक्य असून केले नाही, तेथे नीतीचा प्रश्न सुरू होतो.

पहिल्या काळात मराठीच्या प्रत्येक विक्रेत्याचा टाईप वेगळा असे. यंत्राला वाटे आपण रोमन अक्षरे साठवीत आहोत, आणि त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. मुखवटा काढला, की खाली रोमन चिन्हांचा राडा. पुढे साऱ्या जगाच्या लिप्यांसाठी एकच यादी करण्याचा युनिकोडचा उद्योग सुरू झाला. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, तीत देवनागरीला १२८ जागांचा एक वाडा मिळाला. कामाला लागलेल्या माणसांत आपलेही लोक होते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी पुष्कळ खपून काम केले. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा टाईप तर र. कृ. जोशी यांच्या हातचा. ते कवी होते, सुलेखनकार होते, आणि २००८ साली ते गेले. यंत्राच्या पोटात एका मराठी कवीची बोटे आहेत, हे आठवले की माझा राग अर्धा होतो.

पण अर्धाच. कारण या वाड्यातही मराठीला सगळ्या खोल्या एकदम मिळाल्या नाहीत. ‘ॲ’ या आपल्या रोजच्या अक्षराला स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. तोवर लोक अ वर अर्धचंद्र ठेवून भागवीत, आणि पुष्कळजण आजही तसेच करतात. तीच गत ‘दऱ्या’तल्या आडव्या अर्ध्या र ची. तो निरनिराळ्या वाटांनी उमटवता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, पण यंत्राच्या वहीत त्याची नोंद वेगवेगळी पडू शकते. मग ‘कुऱ्हाड’ शोधायला सांगावे, तर समोर कुऱ्हाड दिसत असताना कारभारी सांगतो, की असा शब्द या कादंबरीत नाही! दोरीच्या जागी साप दिसणे हा भ्रम आपल्या वेदान्त्यांनी परोपरीने समजावून सांगितला आहे. दोन वेगळ्या दोऱ्या एकच दिसण्याचा हा भ्रम त्यांच्याही ध्यानात आला नव्हता.

आणि लाल रेघा! मी ‘आवंदा’ लिहिले, ‘वलगण’ लिहिले, ‘भातखाचर’ लिहिले, की त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ येते. मावळात पहिल्या पुराच्या पाण्याबरोबर मासे शेतात चढतात, तिला वलगण म्हणतात. तो शब्द माझ्या आजीचा आहे. शाळेत मीही मुलांच्या वह्यांत लाल रेघा मारतो, पण रेघ मारण्यापूर्वी मला मराठी यावे लागते. येथे भाषा न येणारा तपासनीस शब्द येणाऱ्याला चूक ठरवतो. मोठी माणसे दुर्लक्ष करतील. लहान मूल मात्र ती रेघ पाहून आजीचा शब्द पुसते आणि पुस्तकातला घालते. असा एकेक शब्द मरतो, आणि त्याच्या मरणाची नोंद कुठेच होत नाही.

हे सारे हसण्यावारी नेता येईल, असे कुणी म्हणेल. मीही बरीच वर्षे नेले. पण एक प्रकरण असे आहे, की त्याबद्दल मला हसता आले नाही. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला, त्याच घाटात मंकी हिल, ठाकूरवाडी, नागनाथ या टप्प्यांत त्यांची हयात गेली. पावसाळ्याच्या रात्री हातात दिवा घेऊन रूळ तपासत चालायचे, दरड आली असेल तर धावत जाऊन गाडी थांबवायची. त्यांना लिहिता जेमतेम येई, पण सांगता फार सुरेख येई. २००४ च्या पावसाळ्यात त्यांनी सांगितले आणि मी संगणकावर लिहून घेतले. शंभर-सव्वाशे पाने झाली. २०११ साली वडील वारले. २०१६ साली जुना संगणक बंद पडला; नव्या यंत्रावर ती पाने उघडली, तेव्हा समोर आली रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि स्वल्पविराम. ज्याचा टाईप होता तो विक्रेता धंदा आवरून गेलेला. कागद होता, अक्षरेही होती. फक्त मुखवटा हरवला होता, आणि त्या मुखवट्यामागे माझे वडील होते.

पुढे रूपांतर करणारी एक युक्ती सापडली. तिने नव्वद टक्के मजकूर सोडवला. राहिलेल्या दहा टक्क्यांत तिने सगळ्या आडव्या र चे रफार करून टाकले. वडिलांनी सांगितले होते, “खाली नुसत्या दऱ्या, आणि वर मी एकटा.” पडद्यावर आले, “खाली नुसत्या दर्या, आणि वर मी एकटा.” दर्या म्हणजे समुद्र. खंडाळ्याच्या घाटाखाली यंत्राने समुद्र आणून ठेवला होता. मी ती पाने ओळीओळीने, ओठांनी पुटपुटत दुरुस्त केली. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात गेल्या. काही ठिकाणी मूळ शब्द कोणता असावा हे आता कुणालाच सांगता येणार नाही. विचारायला माणूस राहिला नाही.

या सर्वांत मला सर्वांत अधिक बोचते ते आणखीच एक. शाळेत मुलांचे अर्ज संगणकावर भरायचे असतात. त्यासाठी आया येतात. शेतावरून आलेल्या, भातलावणीचा चिखल पायांना तसाच असलेल्या. नावाचे स्पेलिंग जुळत नाही, पान मधेच मिटते, सारे पुन्हा भरावे लागते. त्यांपैकी एकही बाई यंत्राला दोष देत नाही. ती पदर सावरून म्हणते, “गुरुजी, माझंच कायतरी चुकलं आसंल. आम्हांला काय कळतंय त्यातलं?” इंद्रायणी तांदळाचे खाचर जी डोळ्यांच्या अंदाजाने सपाट करते, पाणी कुठून फोडायचे हे जिला कुणी शिकवावे लागत नाही, ती एका पेटीपुढे अपराधी होऊन उभी राहते! डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रोजच्या वस्तूंच्या घडणीवर १९८८ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे एक सांगणे असे, की वाईट घडणीच्या वस्तू वापरताना माणसे अडतात आणि दोष मात्र स्वतःला देतात. मला यात नीतीचा मोठा प्रश्न दिसतो. हत्यार अडले तर कामाचा खोळंबा होतो, तो भरून निघेल. पण शहाण्या माणसाला आपण मूर्ख आहोत असे रोज थोडे थोडे वाटायला लावणे, हे नुकसान कोणत्या वहीत मांडायचे?

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. हे हत्यार बनवणारे हजारो लोक आहेत. त्यांतले पुष्कळ प्रामाणिक आहेत, आणि काहीजण तर एक पैसा न घेता रात्री जागून आपल्या भाषेसाठी प्रणाल्यांचे मराठीकरण करतात. या यंत्रामुळे दृष्टिहीन मुलाला पुस्तक ऐकता येते. कार्ल्याच्या मुलाने लिहिलेली कविता क्षणात मुंबईला पोचते. मी एक प्रकरण बारा वेळा बदलतो आणि तेरावी स्वच्छ प्रत मिळते. माझ्या आधीच्या लेखकांना हे सुख नव्हते. बदल थांबवा, असे माझे म्हणणे नाही. बदल कुणाच्या सोयीसाठी झाला, एवढेच विचारण्याचा हक्क मी मागतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी देशोदेशीची पुष्कळ यंत्रे धडधाकट असूनही त्या दिवशी म्हातारी ठरली. बैल थकला म्हणून त्याला गाडीतून सोडणे वेगळे, आणि गाडी बदलली म्हणून चांगला बैल बाजारात काढणे वेगळे.

काही लेखकांनी यातून आपली वाट काढली आहे. जॉर्ज मार्टिन या जगप्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकाराने २०१४ साली एका मुलाखतीत सांगितले, की तो अजून वर्डस्टार ४.० या जुन्या लेखनप्रणालीवर, महाजालाला न जोडलेल्या यंत्रावर लिहितो. आपण लहान अक्षर काढले की ते मोठे करून दाखवणारे यंत्र त्याला नको आहे. मला त्याचा हेवा वाटतो. पण हा उपाय मोठ्या माणसाचा आहे. त्याची हस्तलिखिते कशीही आली तरी प्रकाशक घेतील. आणि वर्डस्टारच्या त्या जगात मराठीला जागा नव्हती. इंग्रजी लेखक मागे जाऊन सुखी होऊ शकतो. मराठी लेखकाला मागे गेल्यास आपली भाषाच सापडत नाही. त्याला पुढेच जावे लागते, आणि भांडत भांडत जावे लागते.

भांडायचे कुणाशी? येथे आमच्या वडगावचाच एक दाखला देतो. रघुनाथरावाला गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज जानेवारी १७७९ मध्ये तळेगावापर्यंत आली. गाव ओसाड आणि जाळलेले. माघार घेताना वडगावला मराठ्यांनी तिला चारी बाजूंनी गाठले. अन्न नाही, वाट नाही. तेव्हा इंग्रजांनी तहावर सही केली आणि घेतलेला मुलूख परत करण्याचे कबूल केले. पुढे काय झाले? कलकत्त्याला बसलेल्या वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारने सांगून टाकले, की सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता. तह नाकारला गेला आणि लढाई १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालू राहिली. नव्या यंत्रावर पहिल्यांदा बसलो, की समोर दहा-वीस पानांचा करारनामा येतो आणि खाली एकच कळ: ‘मान्य आहे’. अंकाच्या संपादकांची मुदत उद्यावर आलेली असते. मीही वेढ्यात सापडलेला असतो. मी सही करतो. फरक एवढाच, की नंतर तह नाकारायला माझे कलकत्ता कुठेच नसते. अडलेल्याची सही ही संमती मानावी का, हा प्रश्न वडगावच्या मातीत जवळजवळ अडीचशे वर्षे पडून आहे. तेव्हा आपण तहाच्या बाजूने बोललो. आज त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला आपण उभे आहोत, म्हणून तो अधिक मोकळेपणाने विचारता आला पाहिजे.

माझे उत्तर साधे आहे. हत्यार शहाणे असो वा नसो, त्याच्याकडून इमानाच्या तीन गोष्टींची अपेक्षा करण्याचा माणसाला हक्क आहे. मी लिहिलेले मला, आणि माझ्या मागे माझ्या मुलांना, कुणाच्या परवानगीवाचून उघडता आले पाहिजे. नीट चालले आहे ते मी सांगेपर्यंत तसेच राहिले पाहिजे. आणि काही बिघडले, तर का बिघडले ते माझ्या भाषेत, मला अपराधी न ठरवता, सांगितले गेले पाहिजे. यात फार मोठी मागणी आहे असे मला वाटत नाही. झिजलेली पटाशी या तिन्ही गोष्टी करते.

मला नेहमी संताजी जगनाडे आठवतात. त्यांची समाधी आमच्या मावळातच, सुदुंबऱ्याला आहे. परंपरा सांगते, की तुकोबा बोलत आणि संताजी लिहून घेत. संताजी तेली, घाणा चालवणारे. त्यांनी तुकोबांचे शब्द सुधारले नाहीत. अवघड वाटला तो शब्द बदलून सोपा केला नाही, मधेच बोलणे तोडून आपली नवी सुविधा सांगितली नाही. ऐकले तसे वहीत उतरवले, आणि वही अशी ठेवली, की तुकोबांमागे अडीचशेहून अधिक वर्षांनी वि. ल. भावे यांना ती उघडता आली, वाचता आली आणि तिच्यावरून गाथा छापता आली. त्या वहीला कुणाचा मुखवटा लागला नाही. माझ्या वडिलांची पाने बारा वर्षांत मुकी झाली होती.

म्हणून वडिलांची दुरुस्त केलेली पाने मी आता कागदावर छापून घेतली आहेत, आणि त्यांचे गठ्ठे आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी ठेवले आहेत. संगणकावरही ती आहेतच, युनिकोडमध्ये, दऱ्यांच्या जागी दऱ्या ठेवून. पुढची कादंबरीही मी याच यंत्रावर लिहितो आहे. दुसरे हत्यार माझ्याजवळ नाही, आणि मला ते टाकायचेही नाही. येत्या खंडेनवमीला माझ्या मुलीने त्याच्यावर फूल ठेवले, तर मी तिला अडवणार नाही. फक्त त्याच्या शेजारी पाटावर ती ट्रंकेची किल्लीही ठेवायला सांगेन.